समर एल

* समर एल : फिकट सोनेरी रंगाची, उन्हाळ्यात आवडीने प्यायली जाणारी इंग्लिश बिअर. लेखकाने येथे चाखलेली ‘समर लाइटनिंग’ हॉप बॅक या छोट्या, स्वतंत्र ब्रुअरीची. ही ब्रुअरी १९८६ साली सॉल्झबरीतील ‘विंडम आर्म्स’ या पबच्या तळघरात सुरू झाली. त्या काळी एल म्हणजे तपकिरी बिटर आणि फिकट ती लागर, असाच सर्वसाधारण समज होता. फिकट माल्ट आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स वापरून हॉप बॅकने तो मोडला. आज इंग्लंडभर मिळणाऱ्या गोल्डन एलचे बरेचसे श्रेय या एका बिअरला द्यायला हवे. मद्यार्क ५ टक्के. चव कोरडी आणि स्वच्छ असल्याने तो जाणवत नाही, हे पिणाऱ्याने ध्यानात ठेवावे. लेखकाला ती ‘कोमट’ वाटली, पण तो दोष नव्हे. पिंपातल्या एलमध्ये यीस्ट जिवंत असते आणि ती तळघराच्या तापमानाला, म्हणजे ११ ते १३ अंश सेल्सियसला देतात. बर्फासारखी गार केली तर हॉप्सचा गवती, किंचित लिंबासारखा गंध दबतो, आणि या बिअरचे खरे सुख त्या गंधातच आहे. — संपा.