खर्जाची लिपी : बेस गिटारच्या अभ्यासाची प्रस्तावना

बेस गिटार शिकायला निघालेल्या बहुतेकांना सुरुवातीलाच एक सल्ला मिळतो : कान तयार करा, नोटेशनच्या फंदात पडू नका. हा सल्ला देणारे अनेकदा उत्तम वादक असतात. पॉल मॅकार्टनी यांना नोटेशन वाचता येत नाही, आणि बीटल्सच्या गाण्यांतला त्यांचा बेस आजही जगभर अभ्यासला जातो. वाचता येणे ही संगीताच्या समजेची कसोटी नव्हे, हे आधीच मान्य करायला हवे. तरीही या वाद्याच्या अभ्यासात वाचनाला मी फार वरचे स्थान देतो. त्याचे कारण बेसच्या कामातच आहे.

वाद्य तसे तरुण आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये ‘प्रिसिजन बेस’ तयार केला. तोवर नृत्याच्या वाद्यवृंदांत खर्जाची बाजू प्रामुख्याने उभा डबल बेस सांभाळी. तो वाहून न्यायला अवजड, आणि विजेवरच्या गिटारींपुढे त्याचा आवाज बुडून जाई. फेंडरच्या वाद्याला फ्रेट होते, त्यामुळे स्वर नेमका लागे. नावातली ‘प्रिसिजन’ हीच. तारा मात्र डबल बेसच्याच राहिल्या : ई, ए, डी, जी. लिहिण्याची रीतही त्याचीच आली. बेसचे स्वर बेस क्लेफमध्ये, पण प्रत्यक्ष नादाच्या एक सप्तक वर लिहितात. सुटी ई तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. तो स्वर जिथल्या तिथे लिहायचा तर पाच रेषांच्या खाली जोडरेषांची रांग लागली असती. या सोयीमुळे ई खालच्या पहिल्या जोडरेषेवर येतो, ए पहिल्या घरात, डी मधल्या रेषेवर आणि जी सर्वांत वरच्या घरात.

आज बहुतेक विद्यार्थी टॅबवरून शिकतात : चार तारांच्या चार रेषा आणि त्यांवर फ्रेटचे आकडे. टॅबला कमी लेखण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकातले ल्यूटवादक अशीच लिपी वापरत. शिवाय टॅब एक गोष्ट नोटेशनपेक्षा स्पष्ट सांगते. सुट्या जी तारेचा स्वर डी तारेच्या पाचव्या, ए तारेच्या दहाव्या आणि ई तारेच्या पंधराव्या फ्रेटवरही मिळतो. यातली कोणती जागा घ्यायची ते टॅबमध्ये दिसते. पाच रेषांवर दिसत नाही. पण ल्यूटवादक आकड्यांच्या किंवा अक्षरांच्या वर लयीच्या खुणाही लिहीत. आज हातोहात फिरणाऱ्या टॅबमधून नेमक्या त्याच खुणा गळालेल्या असतात. बोट कुठे ठेवायचे ते कळते, कधी उचलायचे ते कळत नाही.

बेसवादकाला हे उचलणेच आधी शिकावे लागते. तोच स्वर मात्राभर धरला तर गाणे सैलावून वाहते. अर्ध्या मात्रेवर तोडला तर त्याच गाण्याला उसळी येते. स्वर सुरू कुठे झाला हे नवख्याचा कान सहज टिपतो, संपला कुठे हे त्याच्या हातून निसटते. कागदावर स्वराची लांबी असते, आणि स्वर नसेल तिथे विरामाचे चिन्हही असते. ते वाचायची सवय लागली की किक ड्रमचा ठोका पडल्यावर आपली तार किती वेळ वाजत राहते, याकडे लक्ष जायला लागते.

दुसरी गोष्ट स्वरमेळाची. बरोक काळात युरोपातले रचनाकार खालची ओळ लिहून तिच्याखाली आकडे देत, आणि हार्प्सिकॉर्डवादक त्यांवरून बाकीचे स्वर भरून काढी. अख्खा स्वरमेळ खर्जावरून वाचला जाई. आजही गिटारवर सी, ई, जी वाजत असताना बेसने सीऐवजी ए लावला, तर सी मेजर कॉर्डचा ए मायनर सेव्हन होतो. गिटारवाल्याने बोटही हलवलेले नसते. बेसचा हा अधिकार कळायला आपली ओळ इतरांच्या ओळींखाली लिहिलेली पाहावी लागते.

कागदाचे मोल दोन बेसवादकांच्या उदाहरणांतून दिसते. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत वाजवणारे जेम्स जेमर्सन मूळचे डबल बेसवादक. उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने ते तारा छेडत. त्या रेकॉर्डांवर वादकांची नावे सहसा छापलीच जात नसत. १९८९ मध्ये ॲलन स्लट्स्की यांनी जेमर्सन यांच्या बेसच्या ओळी उतरवून पुस्तकात छापल्या, तेव्हा कानांनी ऐकलेले डोळ्यांपुढे आले आणि नीट तपासता येऊ लागले. लॉस एंजेलिसच्या कॅरल के मूळच्या जॅझ गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस उचलला आणि पुढे त्याच वाद्यावर असंख्य ध्वनिमुद्रणे केली. त्या धंद्यात गाणे आधी ऐकून घरी बसवायला वेळ नसे. पुढ्यात कागद येई आणि वाजवायला सुरुवात होई. १९६९ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिक बेस शिकवणारे पुस्तकही लिहिले.

मराठी वाचकाला हे जग वाटते तितके परके नाही. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चशाळांत मुले व्हायोलिनबरोबर स्टाफ नोटेशन शिकत. त्यांतले कितीतरी जण मुंबईच्या जॅझ बँडांत आणि मग सिनेमाच्या वाद्यवृंदांत आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांनी कागदावर मांडलेल्या स्वरांवर हिंदी चित्रपटसंगीताचा एक मोठा कालखंड उभा आहे. भातखंडे पद्धतीशी तर अनेकांची ओळख शाळेपासून असते : मंद्र स्वराखाली बिंदू, स्वर लांबवायला आडवी रेघ, एका मात्रेतले स्वर बांधणारी खालची चंद्रकोर. फरक मुख्यतः एका बाबतीत आहे. भातखंडे लिपीत सा गायकाच्या सोयीने हलतो, स्टाफवरचा सी जिथल्या तिथे राहतो. बेसवादकाने दोन्ही सांभाळावे : कागदावर ए वाचावा आणि चालू कॉर्डचा तो पाया आहे, तिसरा स्वर आहे की पाचवा, हेही ओळखावे. सरगमात वाढलेल्या कानाला हे दुसरे काम मुळीच जड जात नाही.

सुरुवात चार सुट्या तारांनी करावी. एक ओळ आधी टाळी देत म्हणावी, मगच वाजवावी, आणि चुकले तरी न थांबता शेवटपर्यंत जावे. थांबून दुरुस्त करत बसले की लय वाचण्याची सवयच लागत नाही. हात बसल्यावर बाखच्या चेलो सूट घ्याव्यात. त्यांतला पुष्कळ भाग बेस क्लेफमध्येच आहे. चेलोची सर्वांत खालची तार सी असल्याने काही खालचे स्वर चार तारांच्या बेसवर सापडणार नाहीत. तेवढे सप्तकभर वर उचलून वाजवावेत.