चाकांवरचे घर आणि हेवी लायसन

रामनवमीला चाकांवर संसार मांडून येणारी माणसे जांब समर्थला नवी नाहीत. टेम्पोच्या हौद्यात सतरंज्या, वर ताडपत्री, कोपऱ्यात शेगडी आणि पिठाचा डबा. समर्थांच्या जन्मगावी मुक्काम करून मंडळी पुढच्या देवाला निघतात. यंदा मात्र त्या रांगेत बसच्या सांगाड्यावर बांधलेले अख्खे घर उभे होते. आत पलंग, ओटा, न्हाणी. ते भाड्याने देणाऱ्या मालकाने माझ्या पुतण्याला विचारले होते, चालवशील का? पुतण्याकडे मोटारीचे साधे लायसन. रात्री जेवणे झाल्यावर तो म्हणाला, "काका, हिला हेवी लागतं का साधं चालतंय?"

इतिहासाच्या निवृत्त मास्तरला विचारायचा हा प्रश्न नव्हे. पण उत्तर शोधताना मी १९१४ पर्यंत मागे गेलो.

त्या वर्षीचा मोटार कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. खरी वर्गवारी आली १९३९ च्या कायद्याने. त्याचे चालकाला दोन प्रश्न होते : तू पगारी आहेस का, आणि गाडी भाड्याच्या उतारूंची वा मालाची आहे का? दोहोंपैकी एकाचे उत्तर 'होय' असेल, तर परवान्यावर तशी स्पष्ट नोंद हवी. उतारूंची वा मालाची गाडी असेल तर वयही किमान २० हवे. म्हणजे शेठ स्वतःची मोटार स्वतः हाकत असेल तर साधा परवाना पुरे. तीच मोटार, तोच रस्ता, पण चाकावर नोकर बसला की वेगळी नोंद. रस्त्यावरच्या धोक्यापेक्षा चाकरीचीच मोजदाद मला त्यात जास्त दिसते. आमचे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे हा कायदा इथे थेट लागू नव्हता. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांवर आपली बससेवा सुरू केली होती. जांबकरांची वाट मात्र पुढेही बरीच वर्षे बैलगाडीचीच होती.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि पगाराची अट गेली. उरले वापर आणि वजन. हलक्या वाहनाची मर्यादा आधी ६,००० किलो होती, १९९४ च्या दुरुस्तीने ती ७,५०० झाली. याच दुरुस्तीने मध्यम व जड, मालवाहू व प्रवासी असे परवान्याचे चार वर्ग पुसून 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग केला. परवान्याच्या कलमातून 'जड' गेले, पण ड्रायव्हरांच्या तोंडी 'हेवी' राहिले ते राहिलेच.

आता हे चाकांवरचे घर. नोव्हेंबर २००४ च्या केंद्राच्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन गाड्यांच्या यादीत आहे. तीच भाड्याने दिली की परिवहन. खासगी घर ७,५०० किलोंच्या वर गेले, तर ते हलके नाही आणि परिवहनही नाही. माझ्या वाचनात त्याला जागा उरते ती 'विशिष्ट वर्णनाचे वाहन' या शेवटच्या वर्गात, म्हणजे अडगळीच्या खोलीत. आत माणसे झोपतात, याची दखल परवान्याच्या कलमात कुठेच नाही.

बाहेर तरी काय वेगळे? ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला साडेसात टनांपर्यंतची मोटरहोम साध्या परवान्यावर नेता येते. नंतरच्याला सर्वसाधारणपणे साडेतीन टनांपर्यंतच. कॅलिफोर्नियात लांबी मोजतात, ४० फुटांच्या पुढे वेगळा परवाना.

आपल्याकडे हा वाद कागदावर राहत नाही, तो मयताच्या घरी येतो. साध्या परवान्यावर छोटा टेम्पो चालवणाऱ्याकडून अपघात झाला की विमा कंपन्या म्हणत, परिवहनाची नोंद नाही, भरपाई आम्ही देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये हा मुद्दा फेटाळला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही तोच निर्णय कायम केला : एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असेल तर वेगळी नोंद नको. वर असेल तर हवीच.

पुतण्याला मी त्या घराच्या आरसीचा फोटो मागवायला सांगितले. भरलेल्या गाडीचे वजन दहा टनांच्या वर आणि वापर भाड्याचा. म्हणजे हेवी.

त्याचा बाप, माझा चुलतभाऊ, चौथीतून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. दसरा झाला की आमच्याकडून कारखान्यांकडे निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडी, कोंबड्या, लेकरे, सगळे घर असते, पण त्याला कोणी मोटरहोम म्हणत नाही. पुढे भाऊ असा ट्रॅक्टर हाकू लागला, ट्रकवर मात्र बसू शकला नाही. परिवहनाच्या परवान्याला तेव्हा आठवी पासची अट होती. केंद्राने ती २०१९ मध्ये काढली, तोवर त्याची दृष्टी गेली होती.

पुतण्या बारावी झालेला, बावीस वर्षांचा. पण परिवहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या वाहनाचे लायसन वर्षभर जुने लागते, आणि त्याच्या कार्डाला वर्ष व्हायला तेव्हा चार महिने बाकी होते. त्याने मालकाला फोन लावला. "शेठ, श्रावणापर्यंत थांबा."

मालक थांबला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घर घनसावंगीच्या रस्त्याला लागले. चाकावर कोण होते आणि त्याच्या खिशात कुठले कार्ड होते, हे धुळीत दिसले नाही.