आजीची किसमूर

मस्तगडच्या आमच्या जुन्या घरात शिरलं की भाजलेल्या सुकटीचा वास यायचा. दर्या कुठं अन् जालना कुठं! पण आजी वेंगुर्ल्याची. आजोबा इथं जिनिंगमध्ये कारकून. लग्न होऊन ती निजामाच्या मुलखात आली तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली पत्र्याचा डबा होता: आमसुलं, तिरफळं आणि सुका जवळा.

आगबोटीनं मुंबई, तिथून मनमाड, मग मीटरगेजची छोटी गाडी. हद्दीवर करोडगिरीवाले, म्हणजे निजामाचे जकातवाले, सामान उघडायचे. आजी सांगायची, डबा उघडताच शिपायानं नाकाला रुमाल लावला. काका म्हणतात, छे, त्यानं मूठभर जवळा मागून घेतला. मला दोन्ही खरं वाटतं.

जवळा ती निखाऱ्यावरच्या तव्यात कुरकुरीत होईस्तोवर भाजायची. कच्चा कांदा, मिरची, आमसुलाचं आगळ. ओला नारळ इथं कधीमधी मिळायचा, म्हणून शेंगदाण्याचं कूट. पुढं शेजारच्या मावशींनी दिलेला येसर मसाला त्यात पडू लागला. माहेरच्यांनी ही किसमूर ओळखली नसती. आम्ही मात्र ज्वारीच्या गरम भाकरीवर घेऊन तिच्यावर तुटून पडायचो.

१७२५ साली काबिलखानानं बांधलेल्या मस्तगडच्या गढीच्या सावलीत सगळ्या जातीधर्माची घरं. ज्यांच्या घरी मासळी चालत नसे, त्यांच्याकडं चूल पेटायच्या वेळी आजी आपली खिडकी लावून घ्यायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

१९४८ साली, रझाकारांच्या धामधुमीत, माहेरहून येणारं जवळ्याचं पार्सल आलंच नाही. मग मोती तलावातली मरळ आणून तिनं तिरफळ घातलं. "तिरफळाशिवाय मासो कसलो?" सप्टेंबरात फौजा आल्या, निजामानं शरणागती पत्करली. पार्सल दिवाळीत आलं म्हणे. की संक्रांतीला, मला नक्की आठवत नाही.

नारळी पौर्णिमेला ती मला घेऊन कुंडलिकेवर जायची, नारळ सोडायची. पाणी दर्याला मिळतंच ना, म्हणायची. मी भूगोल शिकत होतो. आजी, म्हटलं, हे पाणी दुधनेला, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. ते तुझ्या दर्याला नाही, पार पूर्वेच्या समुद्राला जातं.

वाहत्या नारळाकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"थंय बांगडो गावता?" तिनं विचारलं.