रमणा, चराई आणि अभयारण्य : केळापूर तालुक्यातील मृगरक्षणाचा इतिहास

अरण्याचा इतिहास कायद्यांतून जसा कळतो, तसाच तो शब्दांतूनही कळतो. वैदिक संस्कृतात ‘मृग’ म्हणजे कोणताही वन्य पशू. हत्तीलाही ‘हस्तिन् मृग’, म्हणजे हात असलेला मृग, असे म्हटलेले आढळते. पुढे हा शब्द हरणापुरता संकुचित झाला. इंग्रजीतील ‘डिअर’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. मनुष्याने ज्या पशूची सर्वांत अधिक शिकार केली, त्याच्याच वाट्यास पशुमात्राचे नाव आले, असे म्हणावयास हरकत नाही. पांढरकवडा हे ज्या केळापूर तालुक्याचे ठाणे आहे, तेथील मृगरक्षणाचा विचार प्रस्तुत लेखात अशाच काही शब्दांच्या आधारे करावयाचा आहे.

त्यांतील पहिला शब्द ‘रमणा’ होय. हिंदीत ‘रमना’ म्हणजे राजेलोकांचे राखीव मृगयावन. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे जेथे दक्षिणा वाटीत, त्या आवारासही रमणाच म्हणत. वऱ्हाडात मात्र त्याचा अर्थ निराळाच झाला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६४ मध्ये निर्माण झालेल्या या जिल्ह्यास पुढे ‘वणी’ हे नाव मिळाले व १९०५ मध्ये ते ‘यवतमाळ’ झाले. याच काळात कापसाची लागवड वाढून पडीक रानाचा संकोच होत गेला. वनखात्याने वऱ्हाडातील वनांचे तीन वर्ग केले : इमारती लाकूड व सरपण यांसाठी पहिला, गवतासाठी दुसरा, चराईसाठी तिसरा. दुसऱ्या वर्गातील गवताच्या राखीव कुरणांस ‘रमणा’ म्हणू लागले. शब्द तोच राहिला; त्यातील हरीण गेले आणि गवत तेवढे उरले. विदर्भाच्या महसुली भाषेत आजही रूढ असलेला ‘ई-क्लास जमीन’ हा प्रयोग अशाच वर्गीकरणाचा अवशेष आहे.

स्कॉटलंडमध्ये याच्या उलट घडले. तेथील ‘डिअर फॉरेस्ट’ पुष्कळदा वृक्षहीन असते, कारण ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा मूळ अर्थच राजाचे मृगयाक्षेत्र असा आहे. लांडगा नामशेष झाल्यामुळे तेथे हरणांची संख्या आवरण्याचे काम माणसावर आले आणि १९५९ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागला.

आपल्याकडे १९१२ च्या कायद्याने शिकारीस बंद हंगाम ठरविण्याची सोय केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने, आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीने, शिकार जवळजवळ सर्वस्वी बंद झाली. १९९७ मध्ये टिपाई देवीच्या नावावरून ओळखले जाणारे टिपेश्वर अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. येथे चितळ, सांबर व रोही आहेत, आणि त्यांस आवरणारा वाघही आहे. येथील प्रश्न म्हणूनच स्कॉटलंडहून भिन्न आहे. तृणभक्षकांस गवत हवे, वाघास तृणभक्षक हवेत, आणि गावच्या गुरांनाही तेच गवत हवे. रोही शेतात शिरला की शेतकऱ्याचे पीक जाते. गुराखी रानात शिरला की त्याचा जीव धोक्यात येतो. अनेक माणसांच्या मृत्यूंचा ठपका जिच्यावर होता, ती ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी याच परिसरात गोळीस बळी पडली. पुढच्याच वर्षी टिपेश्वरातील एक तरुण वाघ १३०० किलोमीटरांहून अधिक भटकंती करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील यंत्रपट्ट्यामुळे ही वाट कळली. कागदावरील सीमा वन्यपशूस ठाऊक नसते, हे या दोन्ही घटनांवरून दिसून येते.

आता एका उणिवेकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. ‘रमणा’, ‘राखीव’, ‘ई-क्लास’, ‘अभयारण्य’ या शब्दांत हिंदी, मराठी, इंग्रजी व संस्कृत यांचा वाटा आहे. कोलामीचा मात्र नाही. वस्तुतः या तालुक्यात कोलामांची वस्ती जुनी आहे, आणि त्यांची भाषा द्राविड कुळातील आहे. एमेनो यांचा कोलामी भाषेवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि व्याकरण सिद्ध झाले म्हणजे रानाचे ज्ञान नोंदले गेले असे नव्हे. कोणते गवत कोणत्या महिन्यात कोणता पशू खातो, कोणत्या नाल्यावर पाणी किती काळ टिकते, हे ज्ञान शब्दांत साठलेले असते आणि बोलणारे उरले नाहीत म्हणजे शब्दांबरोबरच नष्ट होते. छायाचित्रे टिपणारी स्वयंचलित यंत्रे आज वाघाच्या पट्ट्यांची ओळख ठेवतात; गवताच्या नावांची ओळख ठेवणारी माणसे अद्याप गावोगावी आहेत. त्यांच्याकडून ती नावे उतरवून घेणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे, आणि मृगरक्षणाच्या कामातील तो त्याचा वाटाही आहे.