पश्चिमेच्या कच्च्या वाटा आणि फटफटीची स्वारी

इतिहासाच्या व्याख्यानात फटफटीचे काय काम, असा प्रश्न कित्येकांच्या मनात येईल. गड, तह, लढाया आणि राजवंश यांच्या पंक्तीला तेलाचा वास येणारी, कानठळ्या बसवणारी ही गाडी आणून बसवणे औचित्यास सोडून आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु इतिहास जितका राजवाड्यात घडतो तितकाच तो वाटेवर घडतो, असे आमचे मत आहे. वाटेचा इतिहास सांगावयाचा तर तिच्यावरून कोण गेले, कशावर बसून गेले आणि कोणत्या गरजेने गेले, हे विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

शिवाजी पेठेत हा विषय काढणे विशेष सयुक्तिक आहे. पेठेच्या कडेलाच रंकाळा. त्याला वळसा घातला की फुलेवाडी, बालिंगे, कळे अशी गावे घेत गगनबावड्याकडे जाणारा रस्ता लागतो. सुटीच्या दिवशी पहाटे या रस्त्याने मोटारसायकलींवर निघणारी तरुण मंडळी आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यांतील बहुतेक घाटापर्यंत जाऊन, चहा घेऊन परत येतात. काही मात्र मध्येच डांबर सोडतात आणि मुरमाच्या, मातीच्या, जांभ्या दगडाच्या वाटांना लागतात. या छंदास आता ‘साहसी स्वारी’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. हे साहस कोणाच्या वाटेवर चालते, आणि ती वाट अद्याप कच्ची का राहिली, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वाटांची जात पाहू. आपल्या भाषेत रस्त्याला एकच नाव नाही. एक माणूस पुढे आणि दुसरा मागे अशी चालते ती पायवाट. बैलगाडीच्या चाकोऱ्या उमटतात ती गाडीवाट. दोन शेतांच्या बांधांमधून जाते ती पाणंद. आणि सह्याद्री उतरून कोकणात जातो तो घाट. ही नावे रुंदीवरून पडलेली नाहीत, वापरावरून पडली आहेत. वाट कशी असावी हे वाहणाऱ्या ओझ्याने ठरवले, आणि ती कशी राहावी हे पावसाने. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरील गगनबावड्यात त्याच्या पाचपट पडतो. एवढ्या पाण्याखाली दर वर्षी वाट वाहून जाते आणि दर वर्षी ती पायांनी पुन्हा पाडावी लागते.

या वाटांवर शतकानुशतके मुख्य वाहन होते लादणीचा बैल. देशावरून गूळ, धान्य, मिरची खाली जाई. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. घाटमाथ्याचे व्यापारी आणि राजापूरसारखी बंदरे या तांड्यांनी एकमेकांस बांधलेली होती. या वाटांवरून केवळ मीठ आले असे मात्र नाही. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन घाट चढून वर आला आणि इंग्रजी निशाण लावून त्याने गडावर गोळे टाकविले. व्यापाऱ्याची वाट तोफेचीही वाट होऊ शकते, हा धडा तेव्हाच मिळाला. पुढल्याच वर्षी महाराजांनी राजापूर मारले आणि रेव्हिंग्टनला कैदेत टाकले, हेही सर्वश्रुत आहे.

त्याच वेढ्यातून महाराज निसटले ती रात्र आषाढ पौर्णिमेच्या सुमाराची. पन्हाळा, मसाई पठार, कर्पेवाडी, पांढरपाणी, घोडखिंड आणि पुढे विशाळगड हा तो मार्ग. या प्रसंगाचे वीररसाने पुष्कळ वर्णन झाले आहे. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांच्या आत्मार्पणापुढे आपण सर्वच नतमस्तक आहोत. परंतु वाटेच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या रात्री महाराज घोड्यावर नव्हते, पालखीत होते. ज्या सैन्याचे बळ चपळ घोडदळात, त्याच्या धन्याने जिवावरच्या प्रसंगी घोडा सोडून माणसांच्या पायांवर विश्वास टाकला. आषाढातील चिखल, शेवाळलेला जांभा आणि अंधार यांत घोड्याच्या चार पायांपेक्षा वाट ओळखणारे मावळ्याचे दोन पाय भरवशाचे ठरले. पाठलागावरील घोडेस्वारांना जे साधले नाही ते बांदलांच्या पायदळाला साधले. कच्च्या वाटेवर वेगाचे महत्त्व दुय्यम असते. हलके ओझे आणि वाटेची ओळख यांचे महत्त्व पहिले.

मग या वाटा सुधारल्या का नाहीत? आळसामुळे, असे उत्तर सोपे आहे. पण ते अर्धेच खरे आहे. गगनबावड्याशी ज्यांच्या घराण्याचे नाव कायमचे जोडले गेले ते रामचंद्रपंत अमात्य. अठराव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी त्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. गडाचे मार्ग सुगम असू नयेत, गडाभोवतीचे रान राखावे, असा त्यातील विचार आहे. म्हणजे वाईट वाट हे त्या काळी राज्याचे धोरण होते. अवघड वाट हाच गडाचा पहिला तट. तिच्यातील प्रत्येक निसरडा दगड शत्रूसाठी पहारेकऱ्यासारखा उभा होता.

राज्य गेले, शत्रूही गेला; दगड तेवढे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी काही निवडक घाट चाकाच्या गाडीसाठी बांधून काढले. फोंडा आणि आंबोली यांसारखे घाट मोठे झाले, आणि बाकीच्या वाटा त्याच क्षणी लहान झाल्या. १८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. व्यापाराचे तोंड पश्चिमेकडून पूर्वेकडे वळले आणि लादणीच्या बैलांची घंटा हळूहळू बंद पडली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधी १९४३च्या नागपूर योजनेने देशभरातील रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी प्रतवारी लावून दिली होती. त्या उतरंडीत आमच्या डोंगरवाटा अगदी तळाशी गेल्या. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीचा राज्यभर विस्तार झाला व १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्या कामांत मुरमाच्या रस्त्यांचा वाटा मोठा. डिसेंबर २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजना चालू झाली. तिचा मूळ निकष लोकसंख्येचा होता : सर्वसाधारण भागात पाचशे वस्तीचे गाव, आणि डोंगरी राज्ये, वाळवंटी व आदिवासी प्रदेश यांत अडीचशेचे. वीस-पंचवीस घरांचा धनगरवाडा या मोजणीत सहसा बसत नाही. वाट कच्ची राहण्याचे आजचे कारण हे असे शिरगणतीचे आहे. पूर्वी वाट राज्याच्या रक्षणासाठी अवघड ठेवली गेली; आता तिच्यावरची माणसे थोडी म्हणून ती अवघड राहिली.

अशा वाटेवर फटफटी आली. जगात तिचा जन्म १८८५चा. जर्मनीत गोटलीब डाइमलर याने लाकडी सांगाड्यावर तेलाचे एंजिन बसवले ते तेव्हा. पुढे पंचवीस-तीस वर्षांतच वाईट रस्त्यावर तिची परीक्षा घेणे हा युरोपात खेळ झाला. १९०९ साली स्कॉटलंडच्या डोंगरांत सहा दिवसांची कसोटी सुरू झाली, आणि १९१३ साली तशीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा. तेथे पहिला कोण येतो यापेक्षा गाडी न मोडता शेवटपर्यंत कोण येतो याचे महत्त्व असे. भारतात १९५५ साली मद्रासेस एन्फील्ड इंडिया निघाली आणि लष्कराच्या गस्तीसाठी बुलेट तयार होऊ लागली. १९६१च्या सुमारास म्हैसुरात चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचे उत्पादन सुरू झाले. पुढे तिलाच येझदी हे नाव मिळाले. पाठोपाठ पोलिश गाडीवर बेतलेली राजदूत आली. यांतील जावा आणि राजदूत या दोन धक्क्यांच्या एंजिनाच्या गाड्या. रचना साधी, भाग थोडे, आणि पाना-पक्कड चालवता येणाऱ्या कोणालाही उघडता येतील अशा. उद्यमनगरात ओतकाम आणि लेथ यांची परंपरा असलेल्या कोल्हापुरास असे यंत्र जवळचे वाटावे, यात नवल नाही.

परंतु खेड्यात ही गाडी खेळासाठी गेली नाही. १९६३ साली जिल्हा दूध उत्पादक संघ स्थापन झाला, तोच आज गोकुळ या नावाने घरोघर माहीत आहे. दूध थांबत नाही. म्हैस पहाटे दूध देते आणि ते वेळेत संस्थेत पोहोचले नाही तर नासते. मागे दोन्ही बाजूंस कॅन अडकवून पावसाळ्यात पाणंदीतून येणारा दूधवाला हा आमच्या मते या जिल्ह्याचा पहिला साहसी स्वार. त्याच्या अंगी जे कसब आले ते कोणत्याही पुस्तकातून आले नाही. चिखलात पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटते. म्हणून वेग आधीच उतरवावा. मुरमावर अंग ताठ धरू नये. खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात, तेव्हा हँडल घट्ट न धरता गाडीला आपली वाट घेऊ द्यावी. ओढा ओलांडताना आधी उतरून पायांनी खोली पाहावी, आणि पाण्यात शिरल्यावर रेस सोडू नये, नाहीतर धुराड्यातून पाणी शिरून एंजिन बंद पडते. शेवाळलेल्या जांभ्यावर वळू नये. सरळ जाऊन पुढे वळावे. सगळ्यांत मोठा नियम असा की अनोळखी वाटेवर प्रथम माणसाला विचारावे. हे नियम १६६०च्या रात्री मावळ्यांनी पाळले त्यांहून फारसे निराळे नाहीत.

१९८५ साली शंभर सीसीची चार धक्क्यांची हलकी गाडी आली आणि थोडे तेल पिणाऱ्या अशा गाड्यांनी खेडी काबीज केली. शंभर-एकशेदहा किलो वजनाची ही गाडी चिखलात रुतली तर दोघांना उचलून काढता येते. भीमेकाठच्या काटक तट्टूंवर मराठ्यांनी भारी घोड्यांच्या फौजांना जेरीस आणले, त्याची येथे आठवण व्हावी.

साहसी स्वारी हा स्वतंत्र छंद त्या मानाने अलीकडचा. १९७८च्या डिसेंबरात पॅरिसहून डाकारकडे वाळवंटी शर्यत निघाली, १९८० साली बीएमडब्ल्यू कंपनीने पक्क्या आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी मोठी गाडी काढली, आणि जगभर ही आवड पसरली. २०१५ साली सी. एस. संतोष हा डाकार शर्यतीत उतरणारा पहिला भारतीय ठरला; २०१६ साली रॉयल एन्फील्डची हिमालयन बाजारात आली. ही गाडी एकशेऐंशी किलोंहून अधिक वजनाची. तिच्यावर पेट्या, तंबू आणि अंगावर कवचासारखा पोशाख घालून तरुण पश्चिमेकडे निघतात. त्यांचे आम्हांस कौतुक आहे. घरात बसून पडद्यावर डोंगर पाहण्यापेक्षा चिखलात पडून उठणे केव्हाही चांगले. शरीर राबते, यंत्र कळते, प्रांत ओळखीचा होतो. पन्हाळा ते पावनखिंड पावसात चालत जाणारी मंडळे आणि हे स्वार एकाच मातीची लेकरे आहेत.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. स्वाराला जी वाट रोमहर्षक वाटते, तिच्याच टोकाला असलेल्या धनगरवाड्यातून आजारी माणसाला आणि बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणावे लागते. चार खांदेकरी, वर पाऊस, खाली निसरडा दगड. मार्गही कित्येकदा तोच. त्या लोकांना या वाटेत कोणतेही साहस दिसत नाही. वाटेवर डांबर पडले की काही स्वार हळहळतात, ‘आता मजा राहिली नाही’ असे म्हणतात. ही हळहळ आम्हांस अनुचित वाटते. एकाची करमणूक दुसऱ्याच्या अडचणीवर उभी असेल, तर ती अडचण दूर व्हावी असे वाटण्यातच खरी मर्दुमकी आहे. आज्ञापत्राच्या काळी वाट अवघड ठेवण्यास राज्यरक्षणाचे कारण होते. आज असे कोणतेही कारण उरलेले नाही.

याच्या उलट दुसरी बाजूही आहे. जेथे वाटच नाही तेथे चाकाने वाट पाडू नये. मसाईसारखे सडे वरून उजाड दिसतात, पण पावसाळ्यात जांभ्यावरील बोटभर मातीत तेथे फुलांची सृष्टी उभी राहते. ती माती साठायला शतके लागली. चाकाचा एक फेर ती उखडून टाकतो, आणि पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत आपले राधानगरीही आहे; २०२२ साली मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. ‘गडाभोवतीचे रान राखावे’ हा अमात्यांचा विचार आज या अर्थाने घ्यावयाचा आहे. त्यांच्या दोन आज्ञांपैकी एक आता मोडली पाहिजे आणि दुसरी पाळली पाहिजे.

म्हणून शिवाजी पेठेतील आणि एकंदर कोल्हापुरातील तरुण स्वारांस आमचे सांगणे थोडके आहे. जरूर जा. ओझे हलके ठेवा. पाणंदीत समोरून बैलगाडी किंवा भाऱ्याची बाई आली तर एंजिन बंद करून बाजूला उभे राहा. वाटेवर पहिला हक्क तिचा आहे. माळावर चाक घालू नका. वाट विचारता त्या मामांना, आजींना त्यांच्या वाडीची अडचण काय तेही विचारा, परत आल्यावर ती ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या आणि वर्तमानपत्राच्या कानावर घाला. तुमच्याजवळ लिहिण्याची, बोलण्याची आणि चित्रे काढून आणण्याची साधने आहेत. वाडीवरच्या माणसाजवळ ती बहुधा नसतात. लादणीच्या बैलाने या वाटांवरून मीठ आणले, दूधवाल्याच्या फटफटीने दूध आणले. साहसी स्वाराने निदान वाडीवरची खरी बातमी तरी आणावी.