मोजून खाल्लेले घास

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव (१८९५). आजोबा शंभुराव चांद्रायण व्रत करीत: शुक्ल पक्षात चंद्रकलेगणिक एकेक घास वाढवायचा, पौर्णिमेला पंधरा, मग तसाच घटवायचा. संयम घरातच असा मोजला जाई. नातवाने दहाव्या वर्षी आजन्म ब्रह्मचर्याचा संकल्प केला.

योगायोग असा, की मुलांचे भावनियमन मोजणारी गलोन व टाफे यांची प्रश्नावली (२०१२) दहाव्या वर्षापासूनच वापरतात. तीत दहा विधाने: सहा प्रसंगाकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्याची, चार भावना दडपण्याची. दडपण्याचा संबंध अभ्यासक बहुधा नैराश्याशी जोडतात. व्रतस्थ घरातील मुलाने भावना व्यक्त न करणे हे दडपणे की साधना? प्रश्नावलीत त्यासाठी निराळा रकाना नाही.