समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ 'किंवा' समाजकार्यकर्ता

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यांपैकी एक. तिचे स्वागतच करायला हवे. आम्हांला अडते ते तिच्यातले 'किंवा'. ही तीन कामे एकमेकांच्या जागी खपणारी नाहीत. आपल्या शाळांपर्यंत ती आली तीही वेगवेगळ्या वाटांनी.

सर्वांत जुनी वाट आपल्याच मुलखातली आहे. १९१०च्या सुमारास सांगलीजवळच्या दूधगावात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. त्या खटपटीत तरुण भाऊराव पाटील होते. पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही, ही कथा आपण गौरवाने सांगतो. पण त्यागाच्या गौरवात तिच्यामागचे निदान झाकले जाते. मूल शिकत नाही याचे कारण मुलाच्या डोक्यात नाही, ते घरच्या चुलीत, जातीत आणि गावापासून शाळेच्या अंतरात आहे, असे ते निदान होते. समाजकार्याची पदवी आपल्याकडे निघण्यापूर्वीचे हे शालेय समाजकार्य.

दुसरी वाट मुंबईची. १९३६ मध्ये तेथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले (आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच), आणि लगोलग १९३७ मध्ये त्याला जोडून बालमार्गदर्शन केंद्र. अशी केंद्रे अमेरिकेत १९२०च्या दशकात रुजली होती. त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. मनोविकारतज्ज्ञाने मुलाला तपासायचे, मानसशास्त्रज्ञाने बुद्धी आणि स्वभाव यांच्या चाचण्या घ्यायच्या, समाजकार्यकर्त्याने घरी जाऊन आईबापांशी बोलायचे, आणि मग तिघांनी एकत्र बसून ठरवायचे. म्हणजे मुळात तेथे 'आणि' होता.

त्याचा 'किंवा' झाला तो काटकसरीतून. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने शाळांत मार्गदर्शन-अधिकारी सुचवले. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने व्यवहार पाहून दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक हा किमान कार्यक्रम मांडला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते शाळासंकुलांशी जोडलेले आहेत. अर्धशतकानंतरही वाटून घेण्याचाच हिशेब! दरम्यान सर्वसामान्य शाळेत हे काम वर्गशिक्षकाच्या अंगावर पडले, आणि 'समुपदेशक' हा शब्द पालकांच्या कानी येऊ लागला तो बहुधा दहावी-बारावीच्या परीक्षेपूर्वी, मंडळाने जाहीर केलेल्या दूरध्वनी क्रमांकांसोबत. त्या क्रमांकांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. पण त्यामुळे मुलाचे दुःख म्हणजे परीक्षेची भीती, असे समीकरण नकळत रूढ झाले.

कुपवाडमध्ये हे समीकरण तोकडे पडते. १९९८ मध्ये सांगली-मिरजेबरोबर महानगरपालिकेत आलेले हे गाव औद्योगिक वसाहतीचे आहे. पाळ्यांमध्ये काम करणारे आईबाप, बाहेरगावाहून आलेली बिऱ्हाडे, कारखाना बदलला की बदलणारे भाड्याचे घर. अशा घरातले मूल आठ दिवस शाळेत येत नाही तेव्हा त्याला फोन करायला सांगून काय उपयोग? ते कोठे आहे, हाच पहिला प्रश्न. धाकट्या भावंडाला सांभाळते आहे, की कुठे कामाला लागले आहे, की बिऱ्हाडच हलले आहे, हे कोणीतरी दारात जाऊन विचारावे लागते. समुपदेशनाची खोली कितीही सुसज्ज असली तरी ती येणाऱ्याचीच वाट पाहते.

म्हणून शंभर-सव्वाशे पटाच्या एखाद्या कुपवाडच्या शाळेला एकच माणूस मिळणार असेल, तर आम्ही समाजकार्यकर्ता मागू, आणि त्याच्या वेळापत्रकात निम्मे दिवस शाळेबाहेरचे असावेत असा आग्रह धरू. चाचण्या घेणारा मानसशास्त्रज्ञ दहा शाळांत फिरता असला तरी चालेल. तो हिशेब कोठारी आयोगाने करून ठेवलेलाच आहे.